न्हाणीघर फोडण्याआधी आईंना एक प्रश्न विचारा

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: बडोद्याच्या जुन्या वस्तीत आमचं घर आहे, आजोबांनी १९५८ साली बांधलेलं. खाली तीन खोल्या, वर दोन, मागे छोटा वाडा आणि वाड्यात चोकडी (धुण्या-भांड्याची उघडी मोरी). न्हाणीघर (५ × ७ फूट) आणि संडास (३ × ४ फूट) खालीच, शेजारी शेजारी, मध्ये साडेचार इंची भिंत. दोन्हींवर मिळून माळा, माळ्यावर ५०० लिटरची टाकी. न्हाणीच्या पलीकडे देवघर आहे आणि तिथला गिलावा दोन वर्षं फुगून गळतोय. घरात आम्ही पाच जण: मी, पत्नी, मुलगी, दहावीतला मुलगा आणि ७८ वर्षांची आई. आईचे गुडघे गेलेत, ती संडासात मधून कापलेलं स्टूल ठेवून बसते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुलीचा साखरपुडा घरीच करायचाय, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत बारा दिवसांत सगळं उरकायचं ठरवलंय. तेवढे दिवस शेजाऱ्यांकडे जायचं, त्यांना सांगून ठेवलंय. हाताशी दीड लाख आहेत. तीन ठिकाणांहून आकडे आले: ९५ हजार, १ लाख ६० हजार आणि २ लाख ७५ हजार. इतका फरक कसा? कोण लुबाडतंय? टाइल्सवरून पत्नी आणि मुलीत रोज वाद. आणि आई म्हणते, "मी आहे तोवर राहू दे तसंच." तिच्यासाठीच करतोय आणि तीच अडून बसलीये. काय करावं?

नमस्कार.

तुम्ही तिन्ही अंदाजपत्रकांचे फोटो जोडलेत ते फार बरं केलं. आकड्यांकडे येतेच. पण आधी आईंच्या त्या वाक्यापाशी थोडं थांबू या, कारण कामाचं वेळापत्रक तिथूनच ठरेल असं मला वाटतं, आणि जुन्या घरात वेळापत्रक ठरलं की निम्मा खर्च ठरतो.

"राहू दे" याचा अर्थ तुम्ही हट्ट असा घेतलात. असेलही. पण आईंच्या जागी बसून ते बारा दिवस डोळ्यांपुढे आणा. रात्री दोनदा उठावं लागतं. ओट्याच्या पायऱ्या उतरायच्या, गल्लीतून जायचं, शेजाऱ्यांची कडी वाजवायची. त्यांचं स्टूल तिथे न्यायचं की नाही? नेलं तर दुसऱ्यांच्या घरात ते ठेवायचं कुठे? शेजारी कितीही चांगले असले तरी या वयात या गोष्टीची जी शरम वाटते ती कोणी बोलून दाखवत नाही. मग माणूस सोपं वाक्य बोलतं: राहू दे.

हे मी अनुभवावरून लिहिते आहे. आमच्या घरी बाथरूमचं काम काढलं तेव्हा आम्हीही असंच शेजारी सांगून ठेवलं होतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी त्यांना चक्कर आली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कळलं की दुपारी चारनंतर त्यांनी पाणी पिणंच बंद केलं होतं, म्हणजे रात्री जावं लागू नये. त्या पाच दिवसांत आम्ही टाइल्सचा रंग, नळाचा ब्रँड, सगळं त्यांना दाखवून ठरवलं होतं. ही एक गोष्ट मात्र विचारली नव्हती. तेव्हापासून मला कोणी बाथरूमच्या खर्चाबद्दल विचारलं की मी आधी विचारते: काम चालू असताना घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस कुठे जाणार?

म्हणून आईंना "बाथरूम नवीन करू या का" असं विचारू नका. "काम चालू असेल तेव्हा तुझी सोय कशी केली तर तुला चालेल?" असं विचारा. एकटेच बसा, बाकी कोणी नको. त्या कदाचित म्हणतील, मुलीकडे जाते पंधरा दिवस. कदाचित म्हणतील, संडास तेवढा चालू ठेवा, अंघोळीचं मी बघते. उत्तर काहीही आलं तरी तुम्हाला कामाला धरून चालायची एक गोष्ट मिळेल. आणि खरंच त्यांना बदल नको असेल, तर तेही कळेल.

आता त्या साडेचार इंची भिंतीकडे येऊ. तिन्हींपैकी सगळ्यात महाग अंदाजपत्रकात ती पाडून न्हाणी-संडास एक करायचं धरलंय, आणि तुमच्या पत्नीलाही ते आवडलंय असं तुम्ही लिहिता. माझं मत स्पष्ट सांगते: ती भिंत पाडू नका. एक तर तिच्यावर माळ्याचा भार असण्याची बरीच शक्यता आहे. भरलेल्या ५०० लिटरच्या टाकीचं पाणीच अर्धा टन असतं. माळ्याच्या लाद्या कोणत्या भिंतींवर टेकल्यात हे कोणा स्ट्रक्चरल इंजिनियरनं येऊन पाहिल्याशिवाय तिथे घण लागताच कामा नये. दुसरं, पाच माणसांच्या घरात सकाळी सात वाजता एक जण अंघोळीला गेला की संडासही बंद, हे रोजचं भांडण तुम्ही पैसे देऊन विकत घ्याल.

त्या भिंतीचा खरा फायदा वेगळाच आहे. ती आहे म्हणून तुम्हाला काम दोन टप्प्यांत करता येईल. पहिल्या टप्प्यात फक्त न्हाणीघर घ्या. पाच बाय सातमध्ये उंच कमोड आणि अंघोळीची जागा दोन्ही आरामात बसतात. कमोडची लाइन मागच्या त्याच चेंबरला (सांडपाण्याच्या झाकणबंद खड्ड्याला) जाईल. हे चालू असताना जुना संडास जसाच्या तसा सुरू राहील, आईंच्या स्टुलासकट. अंघोळी तेवढे दिवस वाड्यातल्या चोकडीवर, बांबू रोवून तीन बाजूंनी ताडपत्री लावून. न्हाणीघर तयार झालं, आईंना त्याची सवय झाली, की मग दुसऱ्या टप्प्यात जुना संडास. तो यंदा नाही केला तरी चालेल, पुढल्या वर्षी करा. घरात एकही दिवस संडास बंद राहणार नाही, आणि शेवटी एकाच्या जागी दोन होतील. तुमच्या तिन्ही कॉन्ट्रॅक्टरांपैकी कोणीही हे सुचवलं नाही, कारण तुम्ही त्यांना "दोन्ही एकदम, बारा दिवसांत" असंच सांगितलं होतं.

हे बारा दिवस आले कुठून? मी हिशेब मांडते, तुम्ही कडियाला (गवंड्याला) विचारून ताळा करा. फक्त न्हाणीघर धरलं तरी पहिले दोन-तीन दिवस फोडण्यात आणि काटमाळ (राडारोडा) बाहेर काढण्यात जातात. जुन्या वस्तीत गल्लीत टेम्पो येत नसेल तर डोक्यावरून घमेली वाहावी लागतात, मग आणखी एक दिवस. त्यानंतर सांडपाण्याच्या आणि नळाच्या नव्या लाइनी, भिंतीत खाचा पाडून: तीन दिवस. नव्या पाइपात दाब देऊन एक रात्र ठेवायचं आणि सकाळी दाब उतरलाय का बघायचं. मग गिलावा, त्यावर पाणी मारणं. मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात, प्रत्येक हात वाळायला वेळ. आणि त्यानंतरची जी पायरी सगळे गाळतात ती: नहाणी ट्रॅपचं (जमिनीतल्या निचऱ्याच्या जाळीचं) तोंड बंद करून जमिनीवर दोन-तीन इंच पाणी भरून ठेवायचं, कमीत कमी ४८ तास, जमलं तर ७२. देवघराच्या भिंतीला हात लावून बघायचा. कोरडी असेल तरच टाइल्सला हात घालायचा. टाइल्स तीन-चार दिवस, मग निदान एक दिवस मध्ये सोडून जॉइंट भरणं, मग कमोड, नळ, दिवे, दार. सगळं सुरळीत गेलं तर अठरा ते वीस कामाचे दिवस. प्लंबर आणि कडिया एकमेकांची वाट बघत बसतात ते दिवस निराळे. मी तुमच्या जागी असते तर चार आठवडे धरले असते.

बारा दिवसांत करून देणारा माणूस यातलं काय गाळेल? पाणी भरून ठेवायचे तीन दिवस आणि वाळण्याचे दिवस. दिसणारं काहीच कमी होणार नाही, म्हणून तुम्हाला कळणारही नाही. कळेल ते पुढच्या पावसाळ्यात, देवघरात.

आणि दिवाळी! बडोद्यात राहून तुम्ही दिवाळीची सुट्टी निवडलीत याचं मला थोडं नवल वाटलं. आपल्याकडे पाडव्यापासून लाभपाचमेपर्यंत (कार्तिक शुद्ध पंचमीपर्यंत) दुकानांची फळी उघडत नाही. एक एल्बो कमी पडला तरी काम थांबणार. कडिये आणि मजूर बरेचसे दाहोद, पंचमहाल, छोटा उदेपूरकडचे. ते सणाला गावी जातात आणि लाभपाचमेलाच परततील याची खात्री कोणी देत नाही. होळीला तर जातातच. घरी फोडलेलं न्हाणीघर आणि दारात पाहुणे, अशी दिवाळी तुम्हाला नको.

साखरपुड्यासाठी बाथरूम नवं हवं, हे गृहीतही जरा तपासून बघा. येणारी मंडळी दोन-तीन तास असतील. त्यांना स्वच्छ जागा, लख्ख दिवा, चालणारी कडी, हात धुवायला साबण आणि कोरडा नॅपकिन लागतो. देवघराच्या भिंतीचा सुटलेला गिलावा खरवडून तात्पुरता चुना मारा. संडासाचं दार रंगवून घ्या. चार-पाच हजारांत होतं हे सगळं. मुलीच्या आयुष्यातल्या मोठ्या दिवसाच्या आधी तीन आठवडे घरभर सिमेंटची धूळ असावी, की शांतपणे बुंदी पाडता यावी?

मग काम कधी? डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत कमुर्ता, म्हणजे शुभकार्य टाळायचे दिवस. तुम्ही पाळत नसाल तरी ते दिवस माल निवडणं, मापं घेणं, लेखी ठरवणं यासाठी ठेवा. उत्तरायण आणि वासी उत्तरायण झालं, पतंग उतरले, की १६ जानेवारीनंतर पहिल्या सोमवारी सुरू करा. हवा कोरडी असते, वाळायला उत्तम. फोडाफोडीचा आवाज पहिल्याच आठवड्यात संपेल. मुलाची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू होईल, त्याआधी पंधरवडाभर घर शांत हवं, म्हणजे १३-१४ फेब्रुवारी ही तुमची रेघ. होळीही पुढेच आहे. चार आठवडे बरोबर बसतात. फक्त जानेवारीतली सकाळ गार असते, तेव्हा आईंची अंघोळ अकरा वाजता, वाड्यात ऊन आल्यावर. पाणी गॅसवर तापवा. चोकडीवर ओल्यात इमर्शन रॉड लावायचा विचारही करू नका.

आता पैसे. तिघांपैकी कोणी लुबाडतंय असं मला दिसलं नाही. तिघांनी तीन वेगळ्या कामांची किंमत सांगितली आहे.

पंचाण्णव हजारवाला जुन्या फरशीवरच नवी टाइल चिकटवणार आहे. पाइप जुनेच. हे काम वाईटच असतं असं नाही. घर कोरडं असेल, जुनी फरशी ठोकून पाहिल्यावर पोकळ वाजत नसेल, पाइप दहा-पंधरा वर्षांतले असतील, तर पैसे वाचवायचा तो चांगला मार्ग आहे. पण तुमच्या देवघराची भिंत ओली आहे. पाणी आत कुठेतरी मुरतंय, त्याच्यावर नवी टाइल लावणं म्हणजे ओल्या जखमेवर पट्टी. शिवाय टाइल आणि चिकटवायचा थर मिळून जमीन अर्धा-पाऊण इंच वर येते. आईंचा पाय अडखळायला तेवढा अर्धा इंच पुरेसा आहे.

दोन लाख पंच्याहत्तर हजारांच्या कागदात भिंत पाडणं, भिंतीत लपवलेल्या टाकीचा टांगता कमोड, काचेचं पार्टिशन आणि मोठा रेन शॉवर आहे. टांगत्या कमोडला मागे भक्कम आधार लागतो. तुमच्या साडेचार इंची भिंतीत तो द्यायला लोखंडी सांगाडा उभा करावा लागेल, त्यात पाच बाय सातमधली सहा-आठ इंच जागा जाईल. आणि रेन शॉवर तुमच्याकडे चालणारच नाही. टाकी माळ्यावर आहे, म्हणजे जमिनीपासून आठ-एक फुटांवर. शॉवर साडेसहा फुटांवर. मध्ये उरला दीड फूट. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो, तेव्हा दीड फुटात काय मिळणार ते बघा, थेंब गळतील. टाकी गच्चीवर नेलीत तर गोष्ट वेगळी. नाहीतर बादली-मग आणि हातात धरायचा साधा शॉवर. आईंना बसून अंघोळ करायला तेच सोयीचं.

एक लाख साठ हजारवाला मला तुमच्या कामाच्या सगळ्यात जवळचा वाटतो. तो सगळं फोडून नवे सीपीव्हीसी (प्लास्टिकचे) पाइप टाकणार आहे. पण त्याच्या कागदात "वॉटरप्रूफिंग" हा एकच शब्द आहे. कोणतं द्रव्य, किती हात, भिंतीवर किती उंचीपर्यंत, पाणी भरून चाचणी किती तास, यातलं काही नाही. काटमाळ उचलणं, वीजकाम, दार आणि जीएसटी हेही धरलेलं नाही. टाइल्स, कमोड, नळ सगळ्यांवर १८ टक्के आहे, तेव्हा "जीएसटी वेगळा" या दोन शब्दांना हलकं घेऊ नका. सिमेंटवरचा कर सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ झाला, म्हणून कोणी "आता स्वस्त झालं" म्हणेल; पण एका न्हाणीला सिमेंट लागतं थोड्या गोण्या, त्यात फारसं वाचत नाही.

याच माणसाला बसवून दोन कागद करायला सांगा, न्हाणीघराचा वेगळा, संडासाचा वेगळा. त्याच्याच दरांवरून मला वाटतं न्हाणीघर सव्वा लाखाच्या आत बसेल. उरलेले २५ हजार कोणाला कबूल करू नका. सत्तर वर्षांच्या घरात फरशी उचलली की खाली काय निघेल ते कोणालाच माहीत नसतं. गंजून आतून बुजलेला लोखंडी पाइप निघतो, फुटकी चिनी मातीची मोरी निघते, कधी विसरलेला खाळकुवा (मैल्याचा शोषखड्डा) निघतो. अशा वेळी बाजूला ठेवलेले पैसे नसले की माणूस "आता जाऊ दे, वरून झाकू" म्हणतो.

हे अंदाजपत्रक पक्कं करण्याआधी एक छोटा खर्च करा. प्लंबरला अर्ध्या दिवसाची मजुरी देऊन चेंबर उघडून घ्या. तीन दिवस न्हाणीत पाणी सांडू नका, अंघोळी चोकडीवर करा, मात्र नळाची लाइन चालू ठेवा. भिंत सुकू लागली तर गळती जमिनीतून किंवा सांडपाण्याच्या पाइपातून आहे. तशीच ओली राहिली तर भिंतीतला नळाचा पाइप संशयित. न्हाणीत रंगीत पाणी ओतून ते चेंबरात किती वेळात येतं तेही बघा. तुमच्या तिन्ही कॉन्ट्रॅक्टरांनी चेंबर न उघडताच आकडे दिलेत, म्हणून त्या आकड्यांना अजून फार धरून बसू नका.

टाइल्सच्या वादाबद्दल थोडंच लिहिते, कारण तो वाटतो तेवढा मोठा नाही. न्हाणीचा घेर २४ फूट, सात फूट उंचीपर्यंत लावली तर १६८ चौरस फूट. दाराचे १७ गेले, १५१ राहिले. जमीन ३५. संडासात चार फूट उंचीपर्यंत ४६ आणि जमीन १२. बेरीज २४४, तुटफुटीला दहा टक्के धरून साधारण २७० चौरस फूट. कॉन्ट्रॅक्टरनं ३०० लिहिलेत, थोडे जास्त आहेत पण फसवणूक नाही. आता पत्नीची टाइल ४५ रुपये फूट आणि मुलीची ७० रुपये: फरक पावणेसात हजारांचा, दोन्ही खोल्या धरून. ज्यावरून घरात रोज वाद आहे ती रक्कम एवढी आहे. भिंतीची टाइल मुलीला निवडू द्या. जमिनीची मात्र खरखरीत, मॅट, लहान आकाराचीच घ्या. लहान टाइलला ढाळ नीट देता येतो आणि जॉइंट जास्त म्हणून पाय घसरत नाही. मोरबीला जाऊन स्वस्त आणू, असा विचार एवढ्या मालासाठी सोडून द्या. खोक्यांवर शेड आणि बॅच नंबर असतो, सगळी खोकी एकाच नंबरची घ्या आणि एक खोकं जास्तीचं माळ्यावर ठेवा. दोन वर्षांनी तीच टाइल शोधायला गेलात तर मिळायची नाही.

कमोड आधी विकत घ्या, पाइप नंतर टाका. कमोडचा निचरा जमिनीत आहे की भिंतीत, आणि जमिनीत असला तर तयार भिंतीपासून किती इंचांवर, हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. तयार भिंत म्हणजे गिलावा आणि टाइल धरून. नुसत्या विटेपासून मोजलं की दीड इंचाची चूक होते आणि मग नवी फरशी फोडावी लागते. चार इंची पाइपाला दर पाच फुटांना एक इंच उतार, आणि न्हाणीच्या जमिनीला सात फुटांत एक इंच ढाळ नहाणी ट्रॅपकडे. टाइल लावून झाली की लगेच बादलीभर पाणी टाकून बघा, कडिया समोर असतानाच.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तुमच्या मोरीतून उलटं पाणी आलं होतं, असं तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय. मग चेंबर उघडलंच आहे तर बाहेरच्या लाइनीवर उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या. तो दरवर्षी पावसाळ्याआधी साफ करावा लागतो, एवढं लक्षात ठेवा.

वीजकामात पैसे वाचवू नका, हे मी हात जोडून सांगते. १९५८ च्या घरात अर्थिंग आहे का, हे आधी इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. नुसती तीन भोकांची सॉकेट असली म्हणजे अर्थिंग असतं असं नाही. गिझरला वेगळी लाइन, १६ अँपिअरचं सॉकेट, आणि घराच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच). ओल्या जागेत जीव वाचवणारी वस्तू तीच. काचेचं पार्टिशन गाळून जे वाचतील त्यात हे सहज होतं.

दार बाहेर उघडणारं ठेवा. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्या माणसालाच अडतं आणि बाहेरच्याला उघडता येत नाही. कडी बाहेरूनही सोडवता येईल अशी. दाराची रुंदी निदान तीस इंच, उद्या वॉकर लागला तरी जावा. उंबरा नको, पाणी बाहेर येऊ नये म्हणून जमीन अर्धा इंच खाली, कडेला गोलाई. कमोडच्या बैठकीची उंची सतरा ते एकोणीस इंचांत घ्या, दुखऱ्या गुडघ्यांना उठायला ती बरी पडते.

पैसे टप्प्यांनी द्या. माल तुमच्या नावानं तुम्हीच घ्या आणि मजुरी वेगळी ठरवा. तुम्हाला दुकानांत फिरायला वेळ असेल तर हिशेब उघडा राहतो. सुरुवातीला थोडी रक्कम, लाइनी टाकून दाबाची चाचणी झाली की पुढची, पाणी भरून भिंत कोरडी राहिली की त्यापुढची, टाइल्स झाल्या की आणखी. दहा टक्के मात्र पंधरा दिवस वापरून झाल्यावर. चांगला कडिया याला नाही म्हणत नाही. आणि भिंत बुजवण्याआधी सगळ्या पाइपांचे फोटो, शेजारी मेजर टेप धरून, मोबाइलमध्ये काढून ठेवा. पाच वर्षांनी आरसा टांगायला ड्रिल लावताना आठवण येईल.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या वाचकांनी यातलं वेळापत्रक आणि चाचणी तशीच घ्यावी. तुमच्या गळतीचं पाणी खालच्या घरात जातं, म्हणून काम सुरू करायच्या आधी खालच्यांकडे जाऊन त्यांच्या छताचे फोटो दोघांनी मिळून काढा आणि सोसायटीला कामाच्या वेळा लेखी कळवा. दुसरा संडास नसेल तर आजी-आजोबांची राहण्याची सोय ठरल्याशिवाय तारीख काढू नका.

तुमच्या आईंसाठी आधाराच्या दांड्या लागतील, तिन्ही अंदाजपत्रकांत त्या नाहीत. या दांड्या टाइल्स लावून झाल्यावर "कुठेतरी" बसवल्या जातात आणि मग चार इंच लांब पडतात. तुम्ही असं करा. गिलावा झाला, वॉटरप्रूफिंग अजून व्हायचंय, अशा दिवशी संध्याकाळी कडिया गेल्यावर जिथे कमोड येणार तिथे त्याच उंचीची खुर्ची ठेवा. आईंना हात धरून आत न्या, बसवा, आणि उठायला सांगा. उठताना त्यांचा हात आपोआप भिंतीकडे जाईल. कोणता हात, किती उंचीवर, ते बघा आणि तिथे खडूनं खूण करा. अंघोळीच्या जागीही तसंच. दुसऱ्या दिवशी कडियाला सांगा, या खुणांपाशी भिंत भरीव हवी, दांडीचे बोल्ट विटेत पक्के जायला हवेत, आणि भोकं आत्ताच पाडून घे, वॉटरप्रूफिंग त्यांच्या कडेनंही येऊ दे.